शरभाची रेघ कुणाची?

सुरतच्या रिंग रोडवरच्या कापड बाजारात साड्यांचे नमुने पाहत गेले, की काठापदरावर हत्ती, मोर, हंस यांची रांग दिसते. मधूनच एखादा पंखांचा सिंह किंवा मगरीच्या तोंडाचा मकरही डोकावतो. यांतले बरेचसे प्राणी आज कागदावर जन्मत नाहीत. संगणकावर एकदा प्राण्याचे त्रिमितीय मॉडेल घडवले, की तो हवा तसा वळवता येतो. काठासाठी बाजूने, पदरासाठी समोरून, ब्लाउजच्या बाहीसाठी नुसते डोके, अशी एकाच श्रमात अनेक चित्रे निघतात. मात्र रेंडर केलेले, म्हणजे संगणकाने चित्रात उतरवलेले मॉडेल गुळगुळीत दिसते आणि गिऱ्हाइकाला हवे असते हाताने काढल्यासारखे चित्र. मग हा हातचा गुण आणायचा कसा? सरसकट दिले जाणारे उत्तर असे, की रेघ थोडी थरथरती करायची, जाडी कमीजास्त करायची, मागे जुन्या कागदाचा पोत टाकायचा आणि रंग किंचित रेघेबाहेर जाऊ द्यायचा. माझे म्हणणे असे, की या उत्तरात हाताची लक्षणे सापडतात, पण हाताचे काम सापडत नाही. हाताने चित्र काढणे म्हणजे कोणती रेघ घ्यायची, कोणती सोडायची आणि कोणती आकारात नसतानाही घालायची याचा निर्णय करणे. हा निर्णय शाबूत राहिला तर मॉडेलवरून काढलेले चित्रही अस्सल हातचे ठरते. तो सुटला, तर कितीही थरथर मिसळली तरी चित्र यंत्राचेच राहते.

आधी यंत्राला काय जमते ते नीट पाहू, कारण ते थोडेथोडके नाही. उदाहरणाला शरभ घेऊ. सिंहासारखे धड, शिंगे, नख्या, कधी पंख असा हा काल्पनिक पशू महाराष्ट्रातल्या अनेक किल्ल्यांच्या दरवाजांवर कोरलेला आहे. त्याचे मॉडेल म्हणजे हजारो छोट्या पृष्ठांचे कवच, आणि प्रत्येक पृष्ठ कोणत्या दिशेला तोंड करून आहे ते संगणकाला ठाऊक असते. जिथे पृष्ठभाग आपल्याकडून वळून नजरेआड जाऊ लागतो, तिथे बाह्यरेषा पडते. ती शोधण्याचे गणित सोपे आहे: पृष्ठाची दिशा आणि नजरेची दिशा जिथे काटकोनात येतात, ती जागा. 1990 साली साइतो आणि ताकाहाशी या जपानी संशोधकांनी दुसरा मार्ग दाखवला. चित्रातल्या प्रत्येक बिंदूची खोली आणि दिशा साठवून ठेवायची आणि शेजारच्या बिंदूंत जिथे अचानक फरक पडतो तिथे रेघ ओढायची. पण नुसत्या बाह्यरेषेने शरभाची फुगलेली छाती किंवा गालाचा खळगा दिसत नाही. त्यासाठी 2003 साली डीकार्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक रेघ सुचवली. आत्ताच्या कोनातून बाह्यरेषा नाही, पण नजर जराशी सरकवली तर जिथे ती उमटेल, तिथेही रेघ द्यायची. चित्रकार गालावर, खांद्यावर, पोटरीवर ज्या तुटक रेघा मारतो, त्यांतल्या पुष्कळशा या नियमाने हुबेहूब निघतात. यासाठी महागडे सॉफ्टवेअरही लागत नाही. ब्लेंडर या मोफत प्रणालीत रेघा काढणारी फ्रीस्टाइल ही सोय 2013 पासून आणि लाइन आर्ट ही सोय 2021 पासून आहे.

मग चित्रकाराच्या वाट्याला उरते काय? या प्रश्नाचे मोजून दिलेले उत्तर उपलब्ध आहे. 2008 साली फॉरेस्टर कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक चित्रकारांना त्याच त्या त्रिमितीय वस्तूंची रेखाटने काढायला लावली आणि ती मूळ मॉडेलच्या प्रतिमांवर नेमकी बसवून रेघ न् रेघ तपासली. चित्रकारांच्या 75 टक्के रेघा दुसऱ्या कुणाच्या तरी रेघेपासून 1 मिलिमीटरच्या आत होत्या. सर्वाधिक एकमत अर्थातच बाह्यरेषेवर होते. उरलेल्या रेघांतल्याही बहुतेक रेघा उजेडसावलीच्या ठळक बदलांवर किंवा संगणकाच्या ज्ञात नियमांच्या जागी पडत होत्या. मात्र 14 टक्के रेघांचा खुलासा तपासलेल्या कोणत्याच नियमाने नीट होईना. या आकड्यांकडे दोन्ही बाजूंनी पाहायला हवे. ‘हात म्हणजे गूढ, त्याचे गणित होत नाही’ असे म्हणणाऱ्यांना हा अभ्यास सांगतो, की रेखाटनाचा मोठा भाग आकारानेच ठरवलेला असतो आणि तो यंत्रावर सोपवायला हरकत नाही. ‘आता चित्रकार कशाला’ म्हणणाऱ्यांना तो सांगतो, की सातवा हिस्सा अजून हिशेबाबाहेर आहे. शिवाय हा अभ्यास वस्तूचा आकार स्पष्ट करण्यासाठी काढलेल्या चित्रांचा होता. पशू भीतिदायक, विनोदी किंवा मंगल दिसावा म्हणून चित्र काढायचे असेल, तर हिशेबाबाहेरचा वाटा वाढेल हे उघड आहे.

या बेहिशेबी रेघा काय करतात याचा एक जगप्रसिद्ध पुरावा गुजरातशी जोडलेला आहे. गुजरातचा सुलतान दुसरा मुझफ्फर शाह याच्याकडून 1514 मध्ये पोर्तुगीजांना एक गेंडा भेट मिळाला. सुरत तेव्हा याच सुलतानशाहीतले बंदर होते. पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कने तो गेंडा गोव्याहून जहाजात घालून लिस्बनला धाडला आणि मे 1515 मध्ये तो तिथे उतरला. जर्मनीतल्या न्युरेंबर्गमध्ये बसलेल्या आल्ब्रेख्त ड्यूररने त्याच वर्षी या गेंड्याचे चित्र लाकडी ठशासाठी काढले. त्याने गेंडा कधीच पाहिला नव्हता. हाताशी होते ते कुणी पाठवलेले वर्णन आणि एक कच्चे रेखाटन. ड्यूररच्या गेंड्याच्या अंगावर चिलखताच्या पत्र्यांसारखे कवच आहे, पायांवर खवले आहेत आणि मानेमागे एक जादाचे छोटे पिळदार शिंग आहे. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने ही चित्रातली चूक. तरीही पुढची दोनशेहून अधिक वर्षे युरोपने गेंडा म्हणून हेच चित्र छापले, कोरले आणि नकलले. अठराव्या शतकाच्या मध्याला क्लारा नावाची जिवंत गेंडी युरोपभर फिरवली गेली आणि 1749 मध्ये फ्रेंच चित्रकार उद्रीने तिचे भव्य तैलचित्र काढले, तेव्हा कुठे ड्यूररची पकड ढिली होऊ लागली. खऱ्या गेंड्याच्या कातडीला घड्या असतात; ड्यूररने त्या घड्यांतून ‘अभेद्य’ ही कल्पना उचलली आणि प्रत्येक रेघ तिच्या कामाला लावली. एक गोष्ट इथे विसरू नये. ठसा कोरणारा कारागीर बहुधा निराळा होता आणि छापणारे यंत्र तर होतेच. निर्णय एकदा पक्का असला, की मधली साधने कितीही आली तरी तो पुसला जात नाही.

जंजिरा किल्ल्याच्या मुख्य दरवाजाजवळचे शिल्प हेच दुसऱ्या मार्गाने सांगते. तिथल्या हिंस्र पशूने आपल्या पंजांत हत्ती पकडले आहेत, आणि ते हत्ती त्याच्यापुढे पिल्लांइतके लहान आहेत. कुणी या प्रसंगाचे मॉडेल करताना सिंह आणि हत्ती यांची खरी मापे घेतली, तर चित्र शास्त्रशुद्ध होईल आणि शिल्पाचा अर्थ संपेल. मापे बदलण्याचा हा निर्णय कोणत्याही पृष्ठभागाच्या वळणात लपलेला नसतो. म्हणून मॉडेलवरून शैली घडवताना पहिला हस्तक्षेप रेघेआधीच करावा लागतो. मॉडेलच वाकवावे लागते, डोके फुगवावे लागते, पलीकडचा पाय दिसावा म्हणून तो पुढे ओढावा लागतो, समोरून पाहताना शिंगे बाजूने दिसतील अशी फिरवावी लागतात. मुरलेले कलाकार प्रत्येक कोनासाठी मॉडेलची वेगळी बिघडवलेली प्रत ठेवतात. त्रिमितीय शिस्त एवढी मोडल्यावर मॉडेलचा फायदा काय, असे वाटेल. फायदा हा, की शिस्त कुठे आणि किती मोडली हे त्यामुळे कलाकाराला स्वतःलाच नेमके कळते.

रेघ घालण्याइतकेच, किंबहुना त्याहून अवघड काम रेघ गाळण्याचे. 1994 साली विंकेनबाख आणि सॅलिसिन यांनी संगणकाकडून शाईच्या टाकाने काढल्यासारखी इमारतींची चित्रे काढून घेतली. त्यांच्या लक्षात आले, की चित्रकार भिंतीवरची प्रत्येक वीट काढत नाही. दोन-चार ठिकाणी विटांचे पुंजके दाखवतो आणि बाकी भिंत कोरी सोडतो, तरी पाहणाऱ्याला सगळी भिंत विटांचीच वाटते. हे पुंजके कुठे ठेवायचे याचा नियम मात्र त्यांना यंत्राला शिकवता आला नाही. त्या प्रणालीत तपशिलाच्या जागा माणसानेच दाखवून द्यायच्या होत्या. शरभाच्या आयाळीला आणि मकराच्या खवल्यांना हीच अडचण येते. मॉडेलमध्ये खवले सर्वांगावर असतात, म्हणून यंत्र ते सर्वांगावर काढते. चित्र गच्च भरते आणि नजर कुठेच ठरत नाही. सरावलेला हात जबड्याजवळ आणि पाठीच्या कण्यावर खवले देतो, पोट मोकळे सोडतो. नजर जबड्याकडे जाते, आणि पशूचा स्वभाव तर तिथेच असतो.

सुरतच्या धंद्यात हा विचार हवेतला राहत नाही, कारण कापड स्वतःच निर्णय मागते. संगणकी भरतकामाचेच पाहा. चित्राचे टाक्यांत रूपांतर करण्याच्या कामाला इथे पंचिंग म्हणतात. पंचिंग करणाऱ्याला भरीव भागातल्या टाक्यांचा कोन ठरवावा लागतो, कारण चमकदार धाग्यावर पडणारा उजेड धाग्याच्या दिशेप्रमाणे बदलतो. हत्तीच्या पोटावरचे टाके एकाच दिशेने घातले तर पोट सपाट दिसते. पोटाच्या गोलाईबरोबर कोन फिरवत नेला तर एकाच रंगाच्या धाग्यात उजेडसावली उमटते. 2001 साली एमिल प्राउन आणि सहकाऱ्यांनी त्रिमितीय मॉडेलवर पेन्सिलीच्या छायारेषा टाकण्याची जी पद्धत मांडली, तिच्या मुळाशी हेच आहे: रेषा पृष्ठभागाच्या वळणाबरोबर गेल्या तर आकार उठून दिसतो. म्हणजे मॉडेलवरून वळणाची दिशा काढणे आणि तिच्यावरून टाक्याचा कोन ठरवणे हा सरळ व्यवहार्य मार्ग आहे. पण तो सगळीकडे आंधळेपणाने वापरला तर डोळ्याभोवतीचे टाके भोवऱ्यासारखे फिरतात आणि शरभ गोंधळलेला दिसतो. डोळ्याभोवती दिशा मोडून काढायची आणि टाके आडवे घालायचे हा पुन्हा माणसाचाच निर्णय.

छपाईत थरथरत्या रेघेचे ढोंग तर फारच लवकर उघडे पडते. रोटरी स्क्रीनच्या छपाईत स्क्रीनचा घेर सर्वसाधारणपणे 64 सेंटिमीटर असतो, म्हणजे तेवढ्या अंतरावर तेच चित्र पुन्हा येते. साडी साधारण साडेपाच मीटरची धरली तर एकाच साडीत तो नमुना आठ-नऊ वेळा उमटतो. शरभाच्या शेपटीला यंत्राने दिलेला ‘सहज’ झटका आठही शेपट्यांना अगदी त्याच जागी दिसला, की सहजपणा संपला. हाताने ठसे मारलेल्या कापडात प्रत्येक ठशाचा दाब, रंगाचे प्रमाण, सांधा निराळा असतो. तिथले वैविध्य कामाच्या ओघात येते, वरून शिंपडलेले नसते. डिजिटल छपाईला ठरावीक अंतरावर तेच चित्र पुन्हा येण्याचे बंधन नाही, त्यामुळे प्रत्येक शरभाला वेगळी थरथर देता येईल, असे कुणी म्हणेल. देता येईल, पण आठ शरभ आठ प्रकारे थरथरत एकच मुद्रा करून उभे राहिले, तर वेगळेपण रेघेपुरतेच राहील. त्यापेक्षा मॉडेलची मानच आठ वेळा वेगळी वळवावी. मॉडेल हाताशी असण्याचा खरा लाभ तो.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप जुन्या वळणाच्या चित्रकारांचा: मॉडेलवरून काढणे म्हणजे गिरवणे, त्यात कला कसली? हा आक्षेप चित्रकलेच्या इतिहासात टिकत नाही. सोळाव्या शतकात व्हेनिसचा तिंतोरेत्तो मेणाच्या आणि मातीच्या छोट्या पुतळ्या करून, त्यांवर दिव्याचा उजेड पाडून चित्रांची मांडणी बसवत असे. डिस्ने स्टुडिओत 1930 च्या दशकाच्या अखेरीस जो ग्रँट यांच्या हाताखाली पात्रांची मॉडेल घडवणारा स्वतंत्र विभाग निघाला. तिथले छोटे पुतळे चित्रकारांच्या टेबलावर ठेवलेले असत, म्हणजे पात्र कोणत्याही बाजूने काढताना चुकू नये. संगणकातले मॉडेल ही याच पुतळ्यांची पुढची पायरी आहे. काल्पनिक प्राण्याच्या बाबतीत तर ती अधिकच उपयोगी, कारण घोडा समोर उभा करून पाहता येतो, मकर येत नाही. गिरवण्याचा धोका आहेच. पण तो पुतळ्यातही होता आणि छायाचित्रातही होता.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. यंत्र आता चित्रकारांच्या चित्रांवरूनच शिकते; मग ते 14 टक्केही लवकरच त्याच्या हाती जाणार नाहीत का? 2015 साली गातिस, एकर आणि बेथगे यांनी एका चित्राची शैली दुसऱ्या चित्रावर चढवून दाखवली आणि तेव्हापासून ही भीती वाढतच गेली आहे. डिस्नेच्या 2012 मधल्या ‘पेपरमॅन’ या लघुपटात त्रिमितीय हालचालीवर चित्रकारांनी रेघा काढल्या आणि संगणकाने त्या पुढच्या चौकटींत वाहून नेल्या. 2018 च्या ‘स्पायडर-मॅन: इंटू द स्पायडर-व्हर्स’मध्ये चेहऱ्यावरच्या शाईच्या रेघा कुठे पडतील याचा अंदाज यंत्राने बांधला आणि चित्रकारांनी तो दुरुस्त केला. यंत्राचा वाटा वाढतो आहे हे मान्यच करायला हवे. तरी दोन गोष्टी उरतात. यंत्र शिकते ते झालेल्या निर्णयांवरून. एखाद्या चित्रकाराची सवय ते उचलेल, पण हा शरभ राखणदार आहे की लग्नाच्या शालूवरचे मंगलचिन्ह, हे त्याला कुणीतरी सांगावे लागेल, आणि रेघ तर त्यावरच ठरते. दुसरे असे, की दुरुस्ती करणारा माणूस चूक ओळखू शकला पाहिजे. ज्याने स्वतः कधी रेघ गाळली नाही, त्याला यंत्राने गाळलेली रेघ योग्य की अयोग्य हे कळणार नाही. साधन जितके समर्थ, तितकी तपासणाऱ्याची नजर पक्की लागते.

तिसरा आक्षेप नैतिक आहे आणि सुरतने तो सर्वात गंभीरपणे घ्यायला हवा. ‘हाताने काढल्यासारखे’ म्हणून जे यंत्रावर निघते, ते अनेकदा कुणाच्या तरी खऱ्या हाताची नक्कल असते. अहमदाबादचे देवीपूजक कलाकार माता नी पछेडी या देवीच्या कापडी चित्रांत काळ्या रेघेत मगरीवरची खोडियार आणि कोंबड्यावरची बहुचरा या देवी काढतात. सुरतच्या दक्षिणेला उंबरगावपासून डहाणू-तलासरीपर्यंतच्या पट्ट्यात वारली चित्रकार आहेत. वारली चित्रकलेला 2014 मध्ये आणि माता नी पछेडीला 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले; पण हे मानांकन नावाचे रक्षण करते, रेघेचा ढंग उचलणे थांबवत नाही. म्हणून मॉडेलवर वारलीचा किंवा पछेडीचा ढंग फिल्टरसारखा चढवून हजारो मीटर कापड छापणे कायद्याच्या फटीत बसले, तरी ते दुसऱ्याच्या निर्णयांवर जगणेच आहे. इथे आक्षेप आणि माझा मुद्दा यांत विरोध नाही. हातचा गुण थरथरीत किंवा ढंगात मानला, तर तो उचलून नेता येतो. निर्णयात मानला, तर तो स्वतःच करावा लागतो आणि दुसऱ्याचा वापरला तर त्याचे नाव आणि मोल द्यावे लागते. पछेडीतली देवी मध्यभागी आणि सर्वांत मोठी का असते हे समजून घेऊन आपल्या शरभाचे माप ठरवणे हा अभ्यास झाला. तिची काळी रेघ उचलून शरभावर डकवणे ही उचलेगिरी.

शेवटचा आक्षेप बाजाराचा: कमी किमतीची साडी घेणारी बाई हे सगळे थोडीच पाहते? ती कारणे मांडणार नाही हे खरे, पण दोन नमुने शेजारी ठेवले की एक उचलते आणि दुसरा बाजूला सारते. आणि किमतीचा प्रश्न उलटाही विचारता येतो. मॉडेल करण्याचा खर्च एकदाच होतो. बाह्यरेषा, वळणाच्या दिशा, खोली हे सगळे त्यानंतर जवळजवळ फुकट मिळते. वाचलेला वेळ आणखी नमुने उपसण्यात घालवायचा की त्या सातव्या हिश्श्यावर, एवढाच निवाडा कारखानदाराने करायचा आहे. खानदेशातून येऊन उधना-लिंबायतमध्ये स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांतली अनेक मुले याच कामांकडे वळतात. त्यांना सॉफ्टवेअरची बटणे शिकवणे सोपे आहे. त्याबरोबर एक साधी कसोटी शिकवावी: शरभाचे एकच रेंडर घ्या, यंत्राने काढलेल्या सगळ्या रेघा त्यावर दाखवा आणि त्यांतल्या निम्म्या पुसायला सांगा. पुसलेल्या प्रत्येक रेघेचे कारण विद्यार्थ्याला देता आले पाहिजे. ज्याला ते देता येते, त्याच्या हाती ब्लेंडर असो, पंचिंगचे यंत्र असो वा बांबूची कलम, त्याने काढलेला शरभ त्याचाच असेल.